यावलच्या जुन्या कटर मशीनचा रास्त भाव

यावलमध्ये हल्ली जुन्या कटर मशीन जितक्या विकायला निघतात, तितक्या मी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. सुताराच्या मुलाने दुसरी वाट धरलेली असते, नव्या घराला सागाच्या चौकटीऐवजी तयार दरवाजा बसतो आणि मशीन ओसरीत ताडपत्रीखाली पडून राहते. मग कोणीतरी बोलावतो, "भाऊ, जरा येऊन पाहा, काय घ्यायचे-द्यायचे ते तुम्हीच सांगा." मी सुतारकामात वाढलो, वखारीत चिराई केली, म्हणून माझ्या शब्दावर देणारा आणि घेणारा दोघेही विसंबतात. भाव सांगताना मी आधी या गावात आज त्या मशीनला काय काम मिळेल ते पाहतो, लोखंड त्यानंतर. हत्याराचा भाव त्याच्याभोवतीचा धंदा ठरवतो, हे यावलइतके कोणाला कळणार? १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये यावलचे नाव हातकागदासाठी आणि निळीसाठी आले आहे, तेही एके काळची ख्याती म्हणून. कागद करणाऱ्यांचे साचे आणि निळीचे हौद निकामी झाले ते झिजून नव्हे. मागणी आटली आणि त्यांना विचारणारा कोणी उरला नाही.

सुताराच्या हत्याराला तर पूर्वी बाजारभावच नव्हता. बलुत्याच्या व्यवहारात नांगर, वखर, गाडीची दुरुस्ती वर्षभर करायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचे. करवत बापाकडून मुलाकडे जाई. सातपुड्यातला साग बैलगाडीने खाली उतरे, बाभूळ शेताच्या बांधावर मिळे. मोठा ओंडका घोडीवर चढवला की काव लावलेल्या दोऱ्याने रेघ मारायची, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि दिवसभर करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई. या भागातल्या धाब्याच्या घरांचे खांब, सर आणि कड्या अशाच चिरलेल्या आहेत. जुनी कडी उलटून पाहिली तर तिच्यावर करवतीचे तिरपे, थोडे चुकलेले ओरखडे अजून दिसतात. माझा हात त्यांच्यावरून फिरल्याशिवाय राहत नाही.

१८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली आणि लाकडाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. १८७८ च्या कायद्याने जंगलावरची सरकारची पकड घट्ट केली. तेव्हापासून आमचा कच्चा माल परवान्याचा झाला. आपल्याच तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याच्या सजावटीची जबाबदारी चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती आणि बांबूसारखे गावाकडचे साहित्य त्यांनी वापरले. तेव्हाही आमच्याकडे सुतारकाम म्हणजे हाताचेच काम होते.

कटर मशीनचे गोल पाते जगाला तेव्हा नवे नव्हते. इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ मध्ये घेतलेल्या पेटंटात त्याचा उल्लेख आहे. पण पाते फिरवायला ताकद लागते, आणि ती खेड्यात उशिरा आली. आधी ऑइल इंजिन, मग वीज. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी पुण्यात १९४६ मध्ये निघाली, राज्य वीज मंडळ १९६० मध्ये झाले. आमच्या पट्ट्यात वीज प्रथम धावली ती केळीच्या बागांतल्या विहिरींकडे. सुताराचा मोठा फायदा त्यातूनच झाला. पंपाच्या मोटरी जळत, म्हणून गावोगाव मोटर बांधून देणारे कारागीर तयार झाले. सुताराने जुनी मोटर बिनधास्त घ्यावी, असे दिवस त्यामुळे आले. टेबल मात्र इथलेच असे: लोखंडी अँगलची चौकट, वर जाड पत्रा किंवा बिडाचा माथा, खाली शाफ्ट, पुली आणि पट्टा. काहींनी त्याच शाफ्टवर रंधाही बसवून घेतला. कंपनीचा छाप नसलेल्या अशा मशीनचा भाव कागदावर कुठेच सापडत नाही.

मग १२ डिसेंबर १९९६ उजाडला. जंगलतोडीविरुद्धच्या टी. एन. गोदावर्मन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि वनक्षेत्रात परवानगीशिवाय चालणाऱ्या आरा गिरण्या थांबल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी आरा गिरणी उघडू देऊ नये, असा आदेश आला. सातपुड्यातली चोरटी तोड आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. ती थांबायलाच हवी होती. पण या आदेशांपासून मशीनच्या भावात परवान्याचा कागद शिरला. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात लाकडाबरोबर हत्यारेही जप्त होतात. म्हणून फारच स्वस्त मिळणाऱ्या मशीनपुढे मी पहिला प्रश्न ठेवतो: ही कुठे चालत होती आणि हिच्यावर कोणते लाकूड चिरले?

उत्तर सरळ आले तरच मी पट्टा काढायला सांगतो. पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवायचा, वर-खाली हलवून पाहायचा. बेअरिंग खरखरले तर बदलता येते, पण शाफ्टच झिजला असेल तर लेथवाल्याकडे जावे लागते. पात्याच्या एका दातावर खूण करून तो दात माथ्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला आणायचा, दोन्हीकडे गाईडपासूनचे अंतर मोजायचे. अंतरात फरक असेल तर लाकूड अडकून मागे उसळते, आणि त्यात बोटे जातात. माथ्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून फट बघायची. पात्याला चीर आहे का, दात उडाले आहेत का, हे उन्हात पाहायचे. हल्ली पाडलेल्या धाब्यांचा साग पुन्हा चिरायला येतो, त्यात लपलेला खिळा पात्याचे दात खातो. शेवटी साग आणि अंजन, दोन्ही चिरून बघायचे. अंजन फार कठीण, त्यावर अशक्त मोटर लगेच दम टाकते. अर्धा तास चालवून मोटरीच्या अंगाला हात लावायचा.

हिशेब मी असा मांडतो. समजा, अशी नवी मशीन मोटरीसह ५०,००० रुपयांना मिळते. जुनीचे वजन १५० किलो आणि भंगाराचा दर किलोला ३० धरला, तर ४,५०० ही तळाची रेघ. शाफ्ट, माथा आणि मोटर धड असेल तर मी नवीच्या निम्म्यापासून, म्हणजे २५,००० पासून, सुरुवात करतो. त्यातून पात्याचे २,०००, बेअरिंग आणि मजुरीचे १,५००, स्टार्टरचे १,५००, पात्यावरच्या जाळीचे १,००० वजा केले की राहिले १९,०००. हा माझा भाव. विकणारा म्हणतो, या मशीनने दोन मुलींची लग्ने केली. खरे आहे, आणि मला त्याचा आदर आहे. पण घेणाऱ्याला त्या लग्नांचे पैसे देता येत नाहीत. घेणारा म्हणतो, आता कोण सुतारकाम करतो, भंगारात द्या. तेही मला मान्य नाही. जुन्या वाड्याचा साग सोडवून त्याच्या खिडक्या करणारी दोन-चार मुले अजून या तालुक्यात आहेत, तोवर ही मशीन भंगार नाही.

मशीन विकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. खरेदीची पावती आणि परवान्याचा कागद असेल तर मशीनबरोबरच द्या, आणि लाकूड चिरून दाखवल्याशिवाय बयाणा घेऊ नका. घेणाऱ्यांनी बयाणा देण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन आपल्या कामाला परवाना लागतो का ते विचारावे, आणि पात्यावर जाळी बसल्याशिवाय मशीन सुरू करू नये.