लघुतम मोठा कसा?

सिरसाळ्यात सहावीच्या एका वर्गात मी फळ्यावर 12 आणि 18 या संख्या लिहिल्या होत्या. मसावि 6, लसावि 36. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, लघुतम हा महत्तमापेक्षा मोठा कसा?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. ही नावे मी वर्षानुवर्षे मंत्रासारखी पाठ करून घेत होतो.

उत्तर सोपे आहे. विभाजक संख्येच्या पोटात असतात, विभाज्ये तिच्यापासून पुढे जातात. म्हणून सामाईक विभाजकांतला मोठ्यात मोठाही 12 च्या पुढे जात नाही, आणि सामाईक विभाज्यांतले लहानात लहानही 18 च्या मागे राहत नाही.

पण ही उठाठेव लागली कशासाठी? अपूर्णांकांच्या बेरजेसाठी! आपला हा मुलूख राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. त्यांच्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इ.स. 850 च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. सर्व छेदांना सामावून घेणारी लहानात लहान संख्या काढण्याची रीत त्यात आहे. तिला त्यांनी 'निरुद्ध' असे नाव दिले. हाच आपला लसावि.

पुढे तीनशे वर्षांनी, 1150 मध्ये, भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सांगितले की छेदांचा थेट गुणाकार चालतो. पण जाणत्याने ते आधी सामाईक संख्येने भागून घ्यावेत. एक बाराअंश आणि एक अठरांश मिळवून पाहा. छेद गुणले तर 216, उत्तर 30 छेद 216. मग संक्षेप देत बसा. 36 घेतले तर उत्तर सरळ 5 छेद 36.

ती सामाईक संख्या शोधायची कशी, हेही 'लीलावती'त आहे. संख्या एकमेकींनी भागत जायच्या. 18 ला 12 ने भागले, बाकी 6. 12 ला 6 ने भागले, बाकी शून्य. मसावि 6. ग्रीसच्या युक्लिडनेही इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास हीच रीत लिहून ठेवली होती.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. ग्रंथ नुसता जपून भागत नाही, तो शिकवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. मुले आधी 12 आणि 18 चे पाढे शेजारी शेजारी लिहितात, 36 वर बोट ठेवतात. नाव मी त्यानंतर सांगतो.