राजपत्रातून घेतलेला सत्तेचा हिशेब : डी. सी. वाधवा यांचा अध्यादेशविषयक ग्रंथ आणि त्याचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना

कार्यकारी मंडळाच्या वाढत्या सत्तेवर टीका करणाऱ्या राजकीय ग्रंथांची विसाव्या शतकात एक स्वतंत्र परंपराच निर्माण झालेली दिसते. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी १९२९ मध्ये ‘द न्यू डेस्पॉटिझम’ हा ग्रंथ लिहून मंत्र्यांकडे सोपविल्या जाणाऱ्या नियम करण्याच्या अधिकारांवर हल्ला चढविला. त्याच वर्षी ब्रिटिश शासनाने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली व तिचा अहवाल १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत आर्थर श्लेसिंजर यांचा ‘द इम्पीरियल प्रेसिडेन्सी’ हा ग्रंथ १९७३ मध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्याच्या आदल्या वर्षी प्रकाशित झाला. श्लेसिंजर हे स्वतः केनेडी यांचे विशेष साहाय्यक होते आणि प्रबळ राष्ट्राध्यक्षांचे गुणगान त्यांनी पूर्वी केलेले होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

या दोन्ही ग्रंथांची आपल्या अभ्यासक्रमांतून अधूनमधून चर्चा होते. मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांचा ‘रिप्रोमल्गेशन ऑफ ऑर्डिनन्सेस : अ फ्रॉड ऑन द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया’ (१९८३) हा ग्रंथ विधी महाविद्यालयांच्या बाहेर फारसा वाचला जात नाही. वस्तुतः भारतातील कार्यकारी सत्तेच्या विस्तारावरील तो अत्यंत भेदक ग्रंथ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची भेदकता भाषेत नसून अभ्यासपद्धतीत आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

अध्यादेशाची तरतूद

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज उद्भवल्यास राष्ट्रपतींना अनुच्छेद १२३ अन्वये व राज्यपालांना अनुच्छेद २१३ अन्वये अध्यादेश काढता येतो. या अधिकाराचे मूळ वासाहतिक आहे. १८६१ च्या कायद्याने तो गव्हर्नर जनरलला मिळाला आणि १९३५ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. संविधान सभेत ह. वि. कामथ, हृदयनाथ कुंझरू, के. टी. शहा आदी सदस्यांनी या तरतुदीविषयी शंका उपस्थित केल्या होत्या. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अधिकार केवळ अधिवेशन नसतानाच्या काळापुरता मर्यादित असल्याचे स्पष्ट केले होते. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश आपोआप संपुष्टात येतो आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर असता कामा नये. म्हणजे अध्यादेशाचे आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिन्यांचे ठरते. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांनी अध्यादेशांच्या सर्रास वापराबद्दल १९५० आणि १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून नापसंती कळविली होती. परंतु साडेसात महिन्यांचा अध्यादेश चौदा वर्षे जगविता येईल, ही कल्पना तेव्हा कोणाच्याही मनात आली नसावी.

ग्रंथाची घडण

वाधवा हे मूळचे जमीनविषयक कायद्यांचे अभ्यासक होते. भारतातील १७९३ पासूनच्या कृषिविषयक कायद्यांचे त्यांचे संकलन गोखले संस्थेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले होते. बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करीत असता एकच अध्यादेश तोच मजकूर घेऊन पुनःपुन्हा राजपत्रात अवतरतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढील काम चिकाटीचे आणि, खरे सांगायचे तर, कंटाळवाणे होते. जुनी राजपत्रे पाहायची, प्रत्येक अध्यादेशाची तारीख नोंदवायची, त्याचा पुढचा व मागचा अवतार शोधायचा आणि मधल्या काळात अधिवेशन कधी भरले ते पडताळायचे.

या मोजणीतून जे चित्र उभे राहिले ते असे. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ अध्यादेश प्रख्यापित केले आणि ते पुनर्प्रख्यापनाद्वारे एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. त्याच काळात विधिमंडळाने संमत केलेले कायदे १८९ होते. २५६ पैकी ६९ अध्यादेश राष्ट्रपतींच्या पूर्वपरवानगीने वेळोवेळी पुन्हा काढले गेले, म्हणजे दिल्लीलाही हा प्रकार ठाऊक होता. १८ जानेवारी १९७६ या एकाच दिवशी ५० अध्यादेश निघाले. उसाचा पुरवठा व खरेदी यांचे नियमन करणारा १९६८ चा अध्यादेश ३९ वेळा पुन्हा काढण्यात आला व १३ वर्षे ११ महिने १९ दिवस अमलात राहिला. उसाच्या राजकारणाशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्या नियमांनी इतकी वर्षे उसाचा व्यवहार चालला, त्यांवर विधानसभेत मतदान झालेलेच नव्हते.

आणीबाणीनंतर आपल्याकडे सत्तेच्या अतिरेकावर विपुल लेखन झाले. कुलदीप नायर यांचे ‘द जजमेंट’ (१९७७) हे त्यांतील बहुचर्चित पुस्तक. अशा लेखनात व्यक्ती केंद्रस्थानी असतात. वाधवांच्या कोष्टकांत व्यक्ती जवळजवळ नाहीत. या काळात बिहारमध्ये काँग्रेस, संयुक्त विधायक दल, जनता पक्ष आणि पुन्हा काँग्रेस अशी सत्तांतरे झाली, मधूनमधून राष्ट्रपती राजवटही आली, तरी अध्यादेशांचा ओघ थांबला नाही. पक्ष बदलले, कार्यालय तेच राहिले. जुलै १९८१ मध्ये संसदीय कार्य विभागाच्या विशेष सचिवांनी सर्व विभागांना पाठविलेले परिपत्रक या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. अधिवेशन संस्थगित झाले आहे, सबब अध्यादेश मुदतीपूर्वी पुन्हा काढण्याची कार्यवाही करावी, अशी सूचना त्यात होती. अध्यादेश मूळ स्वरूपातच, कोणताही बदल न करता काढावयाचा असल्यास मंत्रिमंडळाची मान्यता आवश्यक नाही, असेही त्यात कळविले होते. विधिमंडळाला वगळून मंत्रिमंडळ कायदा करते, हा टीकेचा नेहमीचा मुद्दा आहे. येथे मंत्रिमंडळदेखील वगळले गेले होते. हुकूमशहाची प्रतिमा डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या टीकाकाराला असे परिपत्रक सापडणे कठीण, कारण तो ते शोधतच नाही.

न्यायालयात ग्रंथ

वाधवा ग्रंथावर थांबले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी व अन्य याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. याचिकाकर्ते त्रयस्थ आहेत, त्यांना या अध्यादेशांना आव्हान देण्याचा अधिकार नाही, असा राज्य शासनाचा आक्षेप होता. पुण्यातील प्राध्यापकाचा बिहारच्या कायद्यांशी संबंध काय, असाच त्याचा अर्थ. न्यायालयाने तो फेटाळला. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली, बिहार इंटरमीडिएट शिक्षण परिषदेसंबंधीचा अध्यादेश रद्द केला आणि वाधवांच्या संशोधनश्रमांची दखल घेऊन खर्चापोटी त्यांना १०,००० रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला. निकालपत्रातील आकडेवारी ग्रंथातीलच आहे. संशोधकाची कोष्टके घटनापीठाच्या निर्णयाचा पाया बनल्याची अशी उदाहरणे आपल्याकडे विरळाच.

तथापि या निकालाचे केवळ कौतुक करून थांबता येत नाही. अधिवेशनात कामकाजाचा फार भार असल्यास किंवा अधिवेशनाचा कालावधी अपुरा असल्यास पुनर्प्रख्यापन क्षम्य ठरू शकेल, असा अपवाद न्यायालयाने मान्य केला. प्रस्तुत लेखकाच्या मते निकालाचा हाच दुबळा भाग होय. अधिवेशन किती दिवस चालवावयाचे हे प्रत्यक्षात कार्यकारी मंडळच ठरविते. तेव्हा अपवादाची किल्ली त्याच्याच हाती राहिली.

घडलेही तसेच. निकालाला तीन वर्षे होतात न होतात तोच, डिसेंबर १९८९ मध्ये, बिहार शासनाने ४२९ खासगी संस्कृत शाळा अध्यादेशाद्वारे ताब्यात घेतल्या आणि एकामागून एक अध्यादेश काढीत ही व्यवस्था ३० एप्रिल १९९२ पर्यंत चालविली. विधिमंडळापुढे त्यांतील एकही अध्यादेश ठेवला गेला नाही. केंद्रातही भूसंपादनविषयक अध्यादेश डिसेंबर २०१४ नंतर एप्रिल व मे २०१५ मध्ये पुन्हा काढण्यात आला.

संस्कृत शाळांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठापुढे निकाली निघाला तो २ जानेवारी २०१७ रोजी. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात पुनर्प्रख्यापनाला संविधानाशी केलेले कपट म्हटले आहे. वाधवांच्या ग्रंथाच्या शीर्षकातही हेच शब्द होते. अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे, असेही बहुमताने ठरविले. दरम्यान मूळ अध्यादेशाला सत्तावीस वर्षे उलटली होती. शासकीय सेवेत आलो या समजुतीने ज्या शिक्षकांनी न्यायालयाची पायरी चढली, त्यांना त्या अध्यादेशांपासून कोणताही कायमस्वरूपी हक्क मिळाला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिले गेलेले वेतन मात्र त्यांच्याकडून परत घेतले जाऊ नये, एवढा दिलासा त्यांच्या पदरात पडला.