पिंजऱ्यातला ससा, बिळातला ससा

आमच्या शाळेच्या मागच्या पडवीत जाळीचा एक पिंजरा होता. चौथीच्या मुलांनी आण्या-पैशांच्या चालीवर वर्गणी काढून त्यात दोन पांढरे ससे आणून ठेवले होते. एका शनिवारी, शाळा भरण्याआधीच, शिपाई मला हाताला धरून तिकडे घेऊन गेला. आदल्या संध्याकाळी ज्यांनी मुठीमुठीने पाला खाल्ला, ते दोघेही सकाळी आडवे झालेले. अंगावर ना जखम, ना मांजराच्या नख्यांची खूण. मुले जमली. एकाने विचारले, "गुरुजी, कशाने गेले?"

मला उत्तर देता आले नाही. मॅट्रिकपर्यंत मजल मारलेल्या मास्तरापाशी ते कुठून असणार? पण प्रश्न काही पाठ सोडीना. म्हणून सशांच्या रोगराईचा इतिहास जिथे मिळेल तिथे वाचीत गेलो. आमच्या सशांचे निदान त्यात मिळाले नाही. मिळाले ते निराळेच.

या इतिहासाची सुरुवातही पिंजऱ्यापासूनच होते. 1896 साली जुझेप्पे सानारेल्ली हा इटालियन शास्त्रज्ञ उरुग्वेमधील माँटेव्हिडिओ येथे आरोग्यशास्त्राची नवी संस्था चालवीत होता. प्रयोगासाठी आणलेले युरोपीय जातीचे त्याचे ससे एकाएकी मरू लागले. डोळे सुजून बंद होत, अंगावर मऊ गाठी येत, आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकातही दिसेनात. या रोगाला पुढे 'मिक्सोमॅटोसिस' म्हणू लागले. कितीतरी वर्षांनी ब्राझीलमधील आरागाव या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तिकडच्या रानसशांच्या अंगात हा विषाणू पिढ्यान्पिढ्या राहात आला आहे. त्या सशाला तो एखादी गाठ आणतो, एवढेच. डासाने तोच विषाणू परक्या जातीच्या सशापर्यंत नेला की मात्र मरण. घरच्या माणसाशी भांडण नाही, पाहुण्यावर धावून जायचे, असा त्याचा स्वभाव!

रोग इतका हमखास मारणारा म्हटल्यावर तो वापरण्याची बुद्धी माणसाला होणारच. ऑस्ट्रेलियात 1859 साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने सोडलेल्या सशांची प्रजा पुढे साऱ्या देशाचे गवत फस्त करू लागली होती. कुंपणे झाली, विषे झाली. अखेर 1950 साली सरकारी शास्त्रज्ञांनी मरे नदीच्या खोऱ्यात हा रोग मुद्दाम सोडला. पाऊस चांगला झाला, डास माजले आणि ससे लाखांनी पडले. शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांना दोष देववत नाही. ज्याची मेंढरे गवतावाचून मरतात, त्याने सशाची कीव कुठवर करावी?

पण फ्रान्समधली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आर्मां-दलील हा एक वयोवृद्ध, निवृत्त डॉक्टर. लहान मुलांच्या क्षयरोगावर त्याने आयुष्य घालविलेले. मायब्वा या गावी त्याची भिंतीने वेढलेली जहागीर होती, आणि तेथल्या झाडांची साल रानससे कुरतडीत. त्याने स्वित्झर्लंडमधल्या एका प्रयोगशाळेतून विषाणू मिळविला आणि जून 1952 मध्ये दोन ससे धरून त्यांना टोचला. दोनच! भिंत आहे, मग रोग जातो कुठे, असा त्याचा हिशेब. दीडेक महिन्यात जहागिरीतले ससे बहुतेक संपले. भिंत मात्र डासांनी आणि माणसांनी कधी मानली आहे? दोन वर्षांत फ्रान्समधल्या रानसशांपैकी शेकडा नव्वद मेले. 1953 साली रोग समुद्र ओलांडून इंग्लंडातल्या केंट परगण्यात पोचला.

फ्रान्समध्ये शेतकऱ्याच्या अंगणात सशांचे खुराडे असायचे, जसे आपल्याकडे कोंबड्यांचे. मुलांनी पाला घालून वाढविलेले हे ससे कोणाच्या झाडाला तोंड लावायला गेले नव्हते. तेही आंधळे होऊन मेले. डॉक्टरवर खटला झाला. 1955 साली न्यायालयाने त्याला पाच हजार फ्रँक दंड केला. आणि पुढच्याच वर्षी जंगलखात्याकडून त्याला सुवर्णपदक मिळाले! पदकाच्या एका अंगाला त्याचा चेहरा, दुसऱ्या अंगाला मेलेला ससा.

दुसऱ्या रोगाचा प्रवास उलट दिशेचा. 1984 साली चीनच्या जिआंगसू प्रांतात जर्मनीहून आणलेले लोकरीचे अंगोरा ससे पटापट मेले. संध्याकाळी खाणारा ससा सकाळी ताठ. फार तर नाकाशी रक्ताचा थेंब. आत यकृताची नासाडी झालेली. महिन्याच्या आतली पिले तेवढी बचावत. वर्षभरात तिकडे सुमारे 14 कोटी पाळीव ससे गेले. दोन वर्षांनी इटलीत तोच प्रकार झाला तेव्हा कारण न कळल्याने लोक त्याला नुसते 'एक्स रोग' म्हणत. कारण कळताच माणसाने त्याचेही हत्यार केले. ऑस्ट्रेलियातील वार्डँग बेटावर चाचणी चालू असतानाच, 1995 साली, तो किनाऱ्यावर निसटला. न्यूझीलंडमध्ये सरकारने परवानगी नाकारली, तर 1997 साली शेतकऱ्यांनीच तो चोरून आणला आणि मेलेल्या सशांची यकृते स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये वाटून गाजरांना चोपडून शिवारात टाकली. 2010 साली फ्रान्समध्ये या विषाणूचा नवा प्रकार निघाला. तो पिलांनाही सोडीत नाही, आणि जुन्या लसीला पुरता जुमानीत नाही.

इंग्लंडात घरच्या सशाला दोन्ही रोगांची लस टोचतात. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या रोगाची लस मिळते, पण मिक्सोमॅटोसिसच्या लसीला परवानगी नाही. ती लस जिवंत विषाणूची असते. तो रानात पसरला तर रानससेही बचावतील, ही धास्ती. म्हणजे बिळातल्या सशाने मरावे म्हणून पिंजऱ्यातल्या सशाला उघडे ठेवायचे. हिशेबाच्या वहीत हे बरोबर असेल. पण ज्याच्या ओच्यात तो ससा वाढला त्या पोराला समजावण्याची पाळी तेथल्या कुठल्या मास्तरावर येत असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

तेथली मुले डासांच्या दिवसांत पिंजऱ्याला बारीक जाळी लावतात, आणि तिन्हीसांजेच्या आत ससे घरात घेतात.