जखम, पदक आणि उशीर

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला त्या माणसानं सैनिकांच्या पदकांवर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या मेहरूणमध्ये, अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांत, लष्करातून परतलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या कागदपत्रांची पिशवी उघडून पाहिली, तर जे प्रश्न समोर येतात ते सगळे आमच्याच विषयातले निघतात. मान कशाबद्दल द्यायचा? सोसल्याबद्दल की केल्याबद्दल? आणि मागायला उशीर झाला तर हक्क संपतो का?

सुरुवात शब्दापासून करू. युद्धात शत्रूच्या कारवाईमुळे जखमी झालेल्या सैनिकाला भारतात एक पदक मिळतं. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा. इंग्रजीत त्याचं नाव सरळ आहे, जखमेचं पदक. आपल्याकडचं नाव मात्र पराक्रम पदक. आता बघा, अट जखमेची आणि नाव पराक्रमाचं! ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्याला नुसत्या जखमेला पदक देणं अवघड वाटलं असावं, अशी आम्हाला शंका येते. जखम ही काही आपण केलेली गोष्ट नसते, ती आपल्याला होते. शेजारच्या खंदकातला माणूस तितकाच धीराचा असतो, गोळी त्याच्या बाजूनं निघून जाते, आणि त्याला हे पदक मिळत नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर निबंध लिहिले, ते याच प्रकारच्या अडचणीबद्दल.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेतलं ‘पर्पल हार्ट’ घ्या. जॉर्ज वॉशिंग्टननं १७८२ मध्ये जांभळ्या कापडाचं हृदय शिपायाच्या छातीवर लावायला सुरुवात केली, ती उल्लेखनीय कामगिरीबद्दल. जखमेचा तिथं संबंध नव्हता. पुढे दीडशे वर्षं तो प्रकार विस्मरणात गेला. वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, तो पुन्हा सुरू झाला तेव्हा जखमी सैनिकही त्यात आले. नंतर दुसऱ्या महायुद्धात कामगिरीसाठी वेगळं पदक निघालं आणि हे फक्त जखमी व मृत सैनिकांचं उरलं. गंमत म्हणजे १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनाही अर्ज करायची मुभा होती. युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती, तरी अर्ज आले आणि पदकं दिली गेली. पहिल्या क्रमांकाचं पदक सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांना गेलं. पुनरुज्जीवन त्यांच्याच कारकिर्दीतलं, हे वेगळं सांगायला नकोच.

ब्रिटिशांनी १९१६ मध्ये पदकाच्या भानगडीत न पडता डाव्या बाहीवर एक उभी सोनेरी पट्टी शिवायची सोय केली. एक जखम, एक पट्टी. आम्हाला हे जास्त प्रामाणिक वाटतं. त्यात स्तुती नाही, नुसती नोंद आहे.

नोंद आणि स्तुती यांतला हा फरक धरून ठेवा, पुढे लागेल. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनियो नदीवरच्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले; आणि जखमी साथीदारांना उचलून आणलं. तिथं सन्मान जखमेचा नव्हता, जखम झाल्यावर त्यांनी जे केलं त्याचा होता. अशा वेळी कुणाच्या मनात शंका येत नाही.

आता आपल्याच राज्यातला दुसरा माणूस बघू. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर. ईएमई म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात ते क्राफ्ट्समन होते, आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोट विभागात असताना छावणीवर विमानांचा हल्ला झाला. त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी, की इशाऱ्याची शिट्टी वाजली ती काही जवानांना चहाची वाटली. गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात राहिली, ती कायमची. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तेव्हा ते विशीतले होते.

या प्रसंगात पराक्रम कुठे शोधणार? चहाची शिट्टी वाटली म्हणून बाहेर पडलेला पोरगा. त्यानं शत्रूचं ठाणं घेतलं नाही की कुणाला वाचवलं नाही. तरीही तो तिथं होता तो देशानं पाठवलं म्हणून, आणि गोळी त्याला व्यक्ती म्हणून मारलेली नव्हती, भारताचा सैनिक म्हणून मारलेली होती. आमच्या मते जखमेच्या पदकाचं खरं समर्थन इथं सापडतं. बक्षीस गुणांना देतात. हे पदक म्हणजे बक्षीस नव्हे, पावती आहे. आमच्या वाट्याचं तू घेतलंस, ही देशानं लिहून दिलेली पोच. आणि पावती मागणाऱ्याला तू शूर होतास का, असं कुणी विचारत नाही.

पेटकरांची गोष्ट पुढे वेगळ्याच वाटेनं गेली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक घेतलं. अभिनव बिंद्राचं सुवर्ण २००८ चं. हे त्याच्या ३६ वर्षं आधीचं. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली.

१९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. त्यानंतर कुणापुढे आपली कामगिरी मांडायची नाही असं त्यांनी ठरवलं. आम्हाला या सगळ्या हकिकतीत गोळ्यांपेक्षा हे जास्त लागलं. मागून नकार मिळाला की स्वाभिमानी माणूस गप्प बसतो, आणि ती गप्प बसलेली वर्षं पुढे ‘उशीर’ म्हणून त्याच्याच खात्यावर मांडली जातात. पद्मश्री आली २०१८ मध्ये. जून २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. वरातीमागून घोडे, पण आले. खाशाबा जाधवांच्या बाबतीत तेवढंही नाही. हेलसिंकीचं कांस्य १९५२ चं, ते गेले १९८४ मध्ये, आणि त्यांचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर.

आता उशिराचा प्रश्न कायद्याच्या बाजूनं बघू, कारण इथं बसलेल्या काहींना त्याचा उपयोग आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, आणि त्याचं खंडपीठ मुंबईलाही आहे. अंतिम आदेशानंतर साधारण सहा महिन्यांत अर्ज करावा असं कायदा म्हणतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तरसेम सिंग खटल्यात एक महत्त्वाचा भेद केला. १९८३ मध्ये वैद्यकीय कारणानं सेवेतून काढलेला सैनिक १९९९ मध्ये अपंगत्वाच्या पेन्शनसाठी न्यायालयात गेला. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो. तेव्हा उशिरामुळे दावा मरत नाही, असं न्यायालयानं मानलं. थकबाकी मात्र अर्जाच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच.

मग पदकाचं काय? पदक दर महिन्याला मिळत नाही. ते एकदा द्यायचं राहिलं की राहिलं. वकिलाच्या नजरेनं तो एका दिवशी घडून संपलेला प्रकार ठरू शकतो. आम्हाला हे पटत नाही. शरीरात राहिलेली गोळी रोज तिथंच असते, आणि आपल्या जखमेची पोच कुणी दिली नाही ही गोष्टही रोज तिथंच असते. पण न्यायालयाला रुपयांत मोजता येणारा अन्याय लवकर दिसतो, हेही समजून घेतलं पाहिजे. पैशाची अडचण एक, आणि पुराव्याची दुसरी. पन्नास वर्षांनी अर्ज आला तर जखम शत्रूच्या गोळीनं झाली की गाडी उलटून, हे ठरवायचं कशावरून? अटच मुळी शत्रूच्या कारवाईची आहे.

इथं पुन्हा अमेरिकेचं उदाहरण घेऊ. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या नोंदी जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या भूदलातल्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. दुसऱ्या महायुद्धातला म्हातारा पर्पल हार्ट मागायला जातो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःच्या अंगावरचा व्रण असतो, कागद नसतो. मग तो रुग्णालयाचं जुनं रजिस्टर शोधतो, दलाचा रोजचा अहवाल शोधतो, जिवंत असलेल्या साथीदाराचं प्रतिज्ञापत्र आणतो. साथीदारही दरवर्षी कमी होत जातात. आणि जखम डोळ्यांना दिसणारी नसली तर? २००९ मध्ये तिथल्या संरक्षण खात्यानं युद्धाच्या मानसिक आघाताला हे पदक देता येणार नाही असं जाहीर केलं. मनाचा आघात शत्रूनं मुद्दाम केलेला नसतो, असा त्यांचा युक्तिवाद. मेंदूला बसलेल्या धक्क्यांसाठीचे निकष मात्र त्यांनी २०११ मध्ये स्पष्ट केले. रेषा कुठं ओढायची याचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात १९१६ पासून झालेल्या चर्चांतूनही तो एका बैठकीत मिटला असता असं आम्हाला वाटत नाही.

आपल्याकडे जखमेची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये येते, रुग्णालयाच्या कागदांत येते आणि मेडिकल बोर्डाच्या अहवालात ‘युद्धजन्य’ की ‘सेवेमुळे’ हा शेरा येतो. त्या एका शेऱ्यावर पेन्शनचा प्रकार ठरतो. ईएमईचं अभिलेख कार्यालय सिकंदराबादला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. घरात कुणी ६५ किंवा ७१ चे असतील तर त्यांचं डिस्चार्ज बुक बाहेर काढा, त्याच्या दोन छायाप्रती करा, आणि शेरा काय आहे तो वाचा. इंग्रजी समजत नसेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. आणि त्यांच्या तुकडीतलं कुणी जिवंत असेल तर आधी त्याच्याकडे जा, कागदाकडे नंतर.