बॅफी ते बॅफलर

महाड-पोलादपूरकडे गोल्फचा विषय काढला तर लोक चहा मागवून विषय बदलतील. तिथल्या डोंगरउतारावर चेंडू ठेवलात तर तो सावित्रीत जाऊनच थांबायचा! पण हायब्रिड क्लब कशासाठी हवा, हे तिथल्या माळावर पटकन कळतं. पावसाळा संपतानाचं गवत आठवा. त्यात चेंडू रुतलाय आणि हातात ३ नंबरचं आयर्न, म्हणजे जवळजवळ उभं पातं. गवत पात्याच्या मानेला गुंडाळतं, पातं वळतं, चेंडू भलतीकडे. हायब्रिडचा तळ होडीसारखा रुंद, तो गवतावरून सरकतो. शिवाय डोक्यातलं वजन खाली आणि मागे, त्यामुळे चेंडू सहज वर चढतो.

गंमत म्हणजे ही युक्ती जुनीच आहे. १८४२ साली मुंबईत साहेब लोकांनी गोल्फ क्लब काढला, तेव्हा खेळात राज्य लाकडी क्लबांचं होतं. कारण चेंडू! चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून केलेला, महागडा; लोखंडाचा घाव बसला की फाटायचा. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला (चिकूच्या कुळातल्या झाडाचा चीक, डेंटिस्ट रूट कॅनॉलमध्ये भरतात तोच). स्वस्त आणि दणकट. मग काय, लोखंडाने हाणा बिनधास्त. आयर्नची पिलावळ वाढत गेली. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये नियम करणाऱ्या आर अँड ए ने पोलादी शाफ्टला परवानगी दिली (पोलादपूरचा गोल्फशी एवढाच संबंध). क्लबांना नंबर लागले आणि बॅफी नावाचा, चेंडू उंच उचलणारा छोटा लाकडी क्लब अडगळीत गेला.

१९७५ मध्ये कोब्रा कंपनीने त्याच जातीचा क्लब आणला, नाव बॅफलर. तरी 'म्हाताऱ्यांची काठी' हा शिक्का बरीच वर्षं होता. तो पुसला २००४ च्या ब्रिटिश ओपनने. फारसं नाव नसलेल्या टॉड हॅमिल्टनने प्लेऑफच्या शेवटच्या होलवर ग्रीनबाहेरून हायब्रिडने चेंडू जमिनीलगत घरंगळवत नेला आणि एर्नी एल्सला हरवलं. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने २०६ यार्डांवरून हायब्रिड मारला. तिसऱ्या दिवसअखेर आघाडीवर असताना टायगर वुड्स तोवर एकही मेजर हरला नव्हता. त्या दिवशी हरला!

१९३९ पासून आर अँड ए च्या नियमातही बॅगेत १४ च क्लब चालतात. हायब्रिड घ्यायचा तर काहीतरी काढावं लागतं, आणि ३ नंबरचं आयर्न काढताना जीव जातो तो रुबाबापायी. माझ्या मते हौशी खेळाडूने खुशाल काढावं. जोरकस स्विंगवाल्यांचा चेंडू हायब्रिडने कधीकधी डावीकडे पळतो, म्हणून काही प्रो अजून आयर्न सोडत नाहीत. पण आपला स्विंग तेवढा जोरकस आहे का? निवडताना नंबर बघू नका, कंपनीगणिक लॉफ्ट बदलतो. आयर्न काढलंत, त्याचं अंतर कोणता हायब्रिड भरून काढतो ते रेंजवर मोजा. आणि वुडसारखा झाडू मारू नका. आयर्नसारखा किंचित खाली मारा, चेंडू आधी, गवत नंतर.