दहा रोग्यांची झोप आणि ‘स्टूडंट’

एका औषधाने झोप वाढते असा कोणी दावा केला आणि पुरावा म्हणून फक्त दहा रोग्यांचे आकडे दाखवले, तर आपण तो मानावा का? या प्रश्नाचे गणिती उत्तर मिळाले ते डब्लिनच्या एका बिअरच्या कारखान्यातून.

विल्यम गॉसेट १८९९ साली गिनेस कंपनीत नोकरीला लागला. बार्लीच्या वाणांची तुलना करताना त्याच्या हाती मोजकीच निरीक्षणे असत, आणि प्रचलित सूत्रे होती मोठ्या नमुन्यांसाठी. लहान नमुन्यावरून काढलेले प्रमाण विचलन बरेचदा खऱ्यापेक्षा कमी भरते. मग सरासरीवर आपण फाजील विश्वास टाकतो. ही चूक किती, हे गॉसेटने गणिताने काढले. पडताळ्यासाठी ३००० गुन्हेगारांची मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, ते पिसून चार-चारांचे ७५० गट पाडले. १९०८ साली हा निबंध ‘बायोमेट्रिका’त ‘स्टूडंट’ या टोपणनावाने आला, कारण कंपनी खऱ्या नावाने लिहू देत नसे.

निबंधात १९०५ सालचे झोपेच्या दोन औषधांचे आकडे आहेत. पहिल्या औषधाने दहा जणांची झोप सरासरी ०.७५ तास, म्हणजे ४५ मिनिटे वाढली. पण त्यांतल्या चौघांची झोप उलट घटली होती!

आता रोनाल्ड फिशरने १९२५ साली रूढ केलेल्या रीतीने पाहू. औषधाचा काहीच परिणाम नाही, असे आधी धरू. प्रमाण विचलन १.७९, त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.५७. ०.७५ ला ०.५७ ने भागले की टी येतो सुमारे १.३. ‘झोप वाढते का?’ एवढाच प्रश्न असेल, तर दहा निरीक्षणांसाठी ५ टक्के पातळीची मर्यादा १.८३ आहे. म्हणजे दावा सिद्ध झाला नाही. तो खोटा ठरला, असे मात्र नव्हे. दुसऱ्या औषधाची सरासरी २.३३ तास आणि टी सुमारे ३.७, तो दावा टिकतो.

‘झोप वाढते किंवा घटते का?’ असे विचारले असते, तर मर्यादा २.२६ झाली असती. समजा, टी २ आला. एकतर्फी प्रश्नाला दावा पास, दुतर्फी प्रश्नाला नापास! म्हणून कोणता प्रश्न विचारायचा हे आकडे पाहण्यापूर्वीच ठरवायला हवे. नंतर सोयीची बाजू निवडणे म्हणजे उत्तर पाहून गणित मांडणे. वर्गात आपण ते चालवून घेत नाही. प्रयोगातही घेऊ नये.