शुद्धलेखन: वहीतले आणि तोंडचे

‘उद्या एक पान शुद्धलेखन आणा,’ असे बाई सांगतात तेव्हा मुले पुस्तकातला उतारा पाहून वळणदार अक्षरात वहीत उतरवतात. मुद्रितशोधकाच्या टेबलावर हाच शब्द ऱ्हस्व-दीर्घापुरता उरतो. आणि बोलण्याच्या ओघात कोणी ‘पानी’ म्हणाले, की ‘तुझं शुद्धलेखन कच्चं आहे’ असा टोमणा तयारच असतो.

पहिला अर्थ जुन्या वळणाचा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. शाई, लेखणी, ओळींमधले अंतर आणि काना-मात्रा-वेलांटी यांचा विचार तिथे एकत्र येतो. पोथ्या हाताने नकलल्या जात, तेव्हा सुबक अक्षर आणि बिनचूक मजकूर ही एकच शिस्त होती.

दप्तरात मात्र मोडी चाले, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळण्याची रीत नव्हती. वेलांटी कशीही काढली तरी हिशेब चुकत नसे. पुढे छापखाने आले, पाठ्यपुस्तके बाळबोधीत निघू लागली, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि वेलांटीच्या दिशेला वजन आले.

ते लेखन व्युत्पत्तीला धरून होते. माणसाचे ‘नांव’ आणि पाण्यावरची ‘नाव’ टिंबाने वेगळी होत. ‘घरांत’, ‘केलें’, ‘नाहीं’ असे लिहीत. ही टिंबे जुन्या नासिक्य उच्चाराच्या खुणा. कोकणातल्या काही बोलींत तो उच्चार टिकला, प्रमाण बोलण्यातून गेला. टिंबे पाठ करणे तेवढे उरले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांनी अशा अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. ‘कवि’चा ‘कवी’ झाला. समासात ‘कविराज’ तसाच राहिला. १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते १८ झाले.

म्हणजे १९६१ साली ‘नांव’ लिहिणारा विद्यार्थी शुद्ध होता, पुढच्या पिढीत तोच अशुद्ध ठरला. शुद्धता इथे सर्वांनी मिळून पाळायचा संकेत आहे. म्हणून अनेक अभ्यासक ‘प्रमाणलेखन’ हा शब्द पसंत करतात. टोमणा मारणाऱ्यांनी ते १८ नियम एकदा वाचावेत. ते सगळे लिहिण्याबद्दल आहेत. ‘पानी’ म्हणणाऱ्याला चूक ठरवणारा त्यांत एकही नाही.